जुलैत अडकणारे दार

प्रत्येक शाळेत एखादे तरी दार असे असते, की जे जुलैमध्ये खांदा लावल्याशिवाय उघडत नाही आणि एप्रिलमध्ये वाऱ्याने आपोआप आपटते. पावसाळ्यात कोणीतरी त्याची कड रंध्याने तासून घेतो. दार सुरळीत लागू लागते, आणि पुढच्या उन्हाळ्यात अशी फट पडते की कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. मुलांना कारण विचारले तर ती पटकन सांगतात, "पाणी लागून दार फुगलं." पण बऱ्याचदा त्या दाराला पाणी लागलेलेच नसते. व्हरांड्याच्या आत असलेले, दोन हात ऑइलपेंट दिलेले दार फुगते कशाने? आणि फुगतेच, तर ते रुंदीत का फुगते, उंचीत का नाही?

हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पहा. आम्हाला तो कोणी वेळेवर विचारला असता तर बरे झाले असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या ग्रंथालयासाठी एक वाचनाचे टेबल करून घ्यायचे ठरले. सनमायका लावलेले प्लायवुड नको, खरे लाकूड हवे, हा आग्रह आमचाच होता. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, सागवानी फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, खाली लोखंडी अँगलची चौकट, आणि फळ्या त्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेल्या, असे रेखाटन आम्ही सुतारांना दिले. मिस्त्री वयस्कर होते. रेखाटन पाहून ते म्हणाले, "साहेब, इतकं आवळून नका घेऊ. लाकूड हलतं." आम्हाला ही काम सैल करण्याची पळवाट वाटली. ऑगस्टात टेबल आले. मार्चअखेर त्याच्या ऐन मध्यावर दीड हात लांब चीर पडली. मिस्त्रींचे उरलेले पैसे अडवले गेले. 'निकृष्ट प्रतीचे लाकूड वापरले आहे' असे जे टिपण हिशेब खात्याकडे गेले, त्यावर सही आमची होती.

आमचे संशोधन पॉलिमरांवर आहे. सेल्युलोज हाही पॉलिमरच, आणि लाकडाचा मुख्य घटकही तोच. तेव्हा अज्ञानाची सबब आम्हाला नव्हती.

पेंढी जाड होते, लांब होत नाही

लाकडाच्या पेशी म्हणजे लांबट, पोकळ नळ्या. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: काही नळ्यांच्या पोकळीत, काही नळ्यांच्या भिंतींत. ओंडका तोडून ठेवला की आधी पोकळीतले पाणी निघून जाते. तोवर वजन घटते, आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी उरते तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात, भिंती मात्र अजून भरलेल्या असतात. यापुढे भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आखडायला सुरुवात होते.

या भिंतींत सेल्युलोजचे लांबलचक रेणू जुड्या करून बसलेले असतात आणि बहुतेक जुड्या खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. पाणी शिरते ते जुड्यांच्या मधल्या जागेत. गवताची पेंढी भिजली तर ती जाड होते, लांब होत नाही. लाकडाचे तसेच आहे. ओले लाकूड पूर्ण वाळले तर लांबीत ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आखडते, आडव्या दिशेने मात्र त्याच्या कित्येक पटींनी.

आडव्या दिशाही दोन आहेत आणि त्या सारख्या नाहीत. गाभ्याकडून सालीकडे जाणारी एक, आणि वाढीच्या वलयांना धरून गोल फिरणारी दुसरी. पहिल्या दिशेत लाकूड कमी आखडते, कारण गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींचे पट्टे तिथे खुंट्यांसारखे आडकाठी करतात. पुष्कळ लाकडांत पहिल्या दिशेचा आकडा ४ टक्क्यांच्या आसपास असेल तर दुसऱ्या दिशेचा ८ टक्क्यांच्या आसपास असतो. आता वर्गात गणित करता येईल. चकतीची त्रिज्या ४ टक्के घटली, परीघ मात्र ८ टक्के घटू पाहतो. म्हणजे नव्या त्रिज्येच्या वर्तुळाला जेवढा परीघ लागेल तेवढा हाताशी नाही. किती कमी पडला? ९२ ला ९६ ने भागा आणि ३६० अंशांशी ताडून पहा. सुमारे १५ अंशांची पाचर उघडी राहते. छाटणीत आलेल्या जाड फांदीची चकती कापून वर्गाच्या खिडकीत ठेवा, ती काही आठवड्यांत स्वतःच हे गणित सोडवू लागेल. पाचर एवढी मोठी आणि सुबक दिसणार नाही, कारण उत्तर बऱ्याचदा अनेक लहान चिरांत विभागून येते. पण सगळ्या चिरा गाभ्याच्याच दिशेने धावतात.

झाड तोडून कितीही वर्षे झाली तरी ही देवघेव थांबत नाही. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी टिकून राहते, ६५ टक्के असेल तर १२, आणि ९० टक्के असेल तर २० च्या आसपास. रंग किंवा पॉलिश ही देवघेव मंदावते, बंद करत नाही. दाराला पाण्याचा थेंब लागायची गरजच नसते. जुलैची हवा पुरते. सागवान या बाबतीत गुणी. ओले ते पूर्ण कोरडे होताना ते वलयांच्या दिशेत ६ टक्क्यांहून थोडे कमी, तर गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास आखडते. तरीही वलयांना धरून कापलेल्या ३० सेंटिमीटर रुंदीच्या सागवानी फळीतले पाणी १७ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, तर ती सुमारे ५ मिलिमीटर अरुंद होते. तीन फूट रुंदीच्या टेबलाला हा हिशेब लावा. दीड सेंटिमीटर! लोखंडी अँगल काही दीड सेंटिमीटर आखडत नाही. दोन्ही कडांना स्क्रूने धरून ठेवलेले लाकूड मग जिथे कमजोर असेल तिथे फाटते. मिस्त्रींच्या लाकडात खोट नव्हती.

जुनी उत्तरे

माणसाने हे केव्हा ओळखले, याचा लेखी पुरावा मिळणे कठीण. पण लाकडी पुरावे आहेत. पूर्व जर्मनीतील काही नवाश्मयुगीन विहिरींच्या ओक लाकडाच्या कठड्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. वाढीच्या वलयांवरून ती झाडे इ.स.पूर्व ५४६९ ते ५०९८ या काळात तोडलेली ठरली. धातूचे हत्यार नसलेल्या त्या शेतकऱ्यांनी दगडी वाकसाने एका लाकडाला भोक आणि दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ करून, वर पाचर ठोकून सांधे केले होते. सात हजार वर्षे ते टिकले याचे मुख्य श्रेय ओलाव्याला आहे. लाकूड सतत पाण्यात राहिले, त्यामुळे ते आखडण्याची वेळच आली नाही, आणि हवा न मिळाल्याने कुजलेही नाही. कोरड्या घरात ठेवायच्या वस्तूला हा उपाय अर्थातच चालत नाही.

इजिप्तमध्ये सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली तिसऱ्या राजघराण्याच्या काळातल्या, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका लाकडी शवपेटीचे अवशेष सापडले. तिच्या बाजू लाकडाच्या सहा पातळ थरांच्या आहेत, आणि लगतच्या थरांतील रेषा एकमेकींना आडव्या आहेत. एका थराला ज्या दिशेने आखडायचे आहे त्याच दिशेने शेजारच्या थराची लांबी येते, आणि लांबी तर हलत नाही. दोघे एकमेकांना धरून ठेवतात. आजचे प्लायवुड याच तत्त्वावर चालते. यंत्राने सोललेले पत्रे आणि कृत्रिम सरस तेवढा नवा.

तिसरे उत्तर आपल्या सर्वांच्या घरात आहे, पण त्याकडे उत्तर म्हणून आपण पाहत नाही. ते म्हणजे पॅनेलचे दार. बाहेरच्या उभ्याआडव्या पट्ट्या अरुंद, म्हणून त्यांची हालचाल थोडी. मधली रुंद फळी या पट्ट्यांच्या खाचेत नुसती सोडलेली असते. ती खिळ्याने किंवा सरसाने पक्की करायची नाही, हीच त्यातली युक्ती. फळी खाचेतल्या खाचेत फुगते आणि आखडते, दाराचे माप जवळपास तेच राहते. ज्यांच्याकडे असे जुने दार दिवाळीपूर्वी रंगवले असेल त्यांनी ते एप्रिलमध्ये पाहावे. फळीच्या कडेला रंग न लागलेल्या लाकडाची बारीक रेघ उघडी पडलेली दिसते. दिवाळीत ती खाचेच्या आत होती. पुष्कळांना पॅनेलची नक्षी शोभेसाठी असते असे वाटते. शोभा आली ती मागाहून.

विसाव्या शतकात प्लायवुड आणि मग भुशाचे दाबून केलेले तक्ते स्वस्त झाले, आणि हा प्रश्नच कारखान्यांनी निकालात काढला. लाकूड सोला किंवा भुसा करा, चिकटवा, ते हलणार नाही. वाईट काही नाही त्यात. एवढ्या लोकसंख्येला अखंड फळ्यांची कपाटे पुरवायची तर जंगले उरणार नाहीत. पण त्याच काळात एक माणूस अखंड फळी घेऊन बसला होता. चीर पडलेली फळी टाकून देण्याऐवजी तिलाच त्याने टेबलावर मानाची जागा दिली. या माणसाचा आपल्या देशाशी दोनदा संबंध आला.

पाँडिचेरी ते आयडाहो

जॉर्ज नाकाशिमा यांचा जन्म १९०५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे झाला. आईवडील जपानी. सुरुवातीला ते वनशास्त्र शिकले, मग वास्तुशास्त्राकडे वळले आणि एम.आय.टी.तून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडले. पुढे जपानला जाऊन ते टोकियोत अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदांच्या कार्यालयात लागले. रेमंड स्वतः जपानला आले होते ते फ्रँक लॉइड राइट यांच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी.

पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील 'गोलकोंड' या निवासाचे काम रेमंड यांच्याकडे आले, आणि जागेवर राहून काम पाहायला नाकाशिमा गेले. या इमारतीसाठी पैसा हैदराबाद संस्थानाकडून, दिवाण सर अकबर हैदरी यांच्यामार्फत आला होता, म्हणून हे नाव. सिमेंट-काँक्रीटची, भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी ही एक. समुद्रकाठची दमट हवा, आणि विजेच्या यंत्रांनी ती थंड करण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या भिंतींच्या जागी फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि खोल्यांना सरकती सागवानी दारे. या दारांत फळ्या एकमेकींना चिकटून नाहीत. मागेपुढे अंतर राखून बसवल्या आहेत, म्हणजे नजर अडते, वारा अडत नाही. आम्हाला त्यात आणखी एक सोय दिसते: सुट्या, अरुंद फळ्या दमट हवेत हव्या तेवढ्या फुगोत, दार अडकत नाही. खोल्यांतील लाकडी सामानही नाकाशिमा यांनीच आखले. आश्रमात त्यांना 'सुंदरानंद' असे नाव मिळाले. १९३९ साली ते तिथून निघाले आणि पुढे अमेरिकेला परतले.

सिएटलमध्ये त्यांनी लाकूडकाम सुरू केले. १९४१ साली लग्न झाले. त्याच वर्षी डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरे सोडावी लागली. सुमारे १ लाख २० हजार माणसे छावण्यांत गेली. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होती, नाकाशिमाही होते. पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी मीरा यांच्यासह त्यांना आयडाहोच्या ओसाड भागातील मिनिडोका छावणीत पाठवण्यात आले.

डांबरी कागद लावलेल्या बराकी, धूळ, आणि कामाला उरलेसुरले बांधकामाचे लाकूड. तिथे त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले, पारंपरिक जपानी सुतारकामात मुरलेले. एम.आय.टी.चा पदवीधर त्यांच्या हाताखाली उमेदवारासारखा काम करू लागला. जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. त्यामुळे तिचे पाते पातळ ठेवता येते आणि काप बारीक येतो. पटाशीला धार कशी असावी, सांधा खिळ्याविना कसा धरतो, हे ते तिथे शिकले. लाकूड निवडायची मुभा नव्हती. पडीक तुकडे आणि वाळवंटातल्या खुरट्या झुडपांची वेडीवाकडी खोडे हाच माल. गाठ आहे, तडा आहे म्हणून फळी नाकारायची तर हातात काहीच उरले नसते.

१९४३ साली रेमंड यांनी हमी घेतल्यावर कुटुंबाची सुटका झाली. पेनसिल्व्हेनियात न्यू होप येथे रेमंड यांचे शेत होते. तिथे हा वास्तुविशारद आधी शेतावर राबला. नंतर त्याच भागात त्यांनी स्वतःचे घर आणि कार्यशाळा बांधली आणि आयुष्यभर तिथेच राहिले.

डमरूची पट्टी

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ओंडका, बहुधा अमेरिकी काळ्या अक्रोडाचा, उभा चिरायचा तो नाकाशिमा स्वतः शेजारी उभे राहून, कारण करवत कुठून जाते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. निघालेल्या फळ्या मूळ क्रमानेच, मध्ये काठ्या घालून, रचून ठेवायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळते. मग वाट पाहायची. फळी वर्षाला साधारण एक इंच जाडीने वाळते असा सुतारांचा अंदाज असतो. जाड फळ्यांना वर्षे लागतात, त्यानंतर भट्टीत शेवटचे वाळवणे. लाकडाच्या नळ्या टोकांना उघड्या असल्याने फळीची टोके मधल्या भागापेक्षा कितीतरी वेगाने सुकतात आणि तिथूनच तडे सुरू होतात. म्हणून जगभर टोकांना मेण किंवा रंग फासतात. आपल्याकडच्या वखारीतही टोके रंगवलेले ओंडके दिसतात, ते नुसते खुणेसाठीच नसतात.

इतके करूनही चीर पडतेच. नाकाशिमा ती लपवत नसत. चिरेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी खाच करून बसवत. इंग्रजीत तिला फुलपाखरू म्हणतात, जपानीत 'चिगिरी'. दगड जोडायला अशा आकाराचे तुकडे प्राचीन इजिप्तमध्येही वापरत. ही पट्टी काम कसे करते? डमरूची कंबर चिरेवर येते आणि दोन्ही रुंद टोके चिरेच्या दोन काठांत रुततात, त्यामुळे काठ दूर जाऊ लागले तरी पट्टी निसटत नाही. आणि पट्टीतल्या लाकडाच्या रेषा फळीच्या रेषांना काटकोनात असतात. म्हणजे चिरेच्या आडव्या दिशेला पट्टीची लांबी येते, जी आखडत नाही आणि ताणाला सर्वांत बळकट असते. फळीचे फुगणे-आखडणे या पट्टीने बंद होत नाही, तसा तिचा दावाही नाही. चीर पुढे धावू नये, एवढेच तिचे काम.

फळीची बाहेरची कड, सालीखालची, ते सरळ कापून टाकत नसत. झाडाची जशी होती तशी ठेवत. आज अशा कडांच्या टेबलांची मोठी हौस आहे. अनेकदा चीर नसलेल्या फळीतही दोन-चार फुलपाखरे बसवलेली दिसतात, किंवा भेगेत रंगीत रेझिन ओतून खाली लोखंडी पाय घट्ट आवळलेले असतात. ते पाहून आम्हाला आमचे रेखाटन आठवते.

१९६४ साली नाकाशिमा पुन्हा भारतात आले, या वेळी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. ही संस्था १९६१ साली स्थापन झालेली, म्हणजे अगदी कोवळी. त्यांच्या आराखड्यांवरून तिथल्या कार्यशाळेत पुढेही बरीच वर्षे फर्निचर बनत राहिले. १९७३ साली नेल्सन रॉकफेलर यांनी आपल्या घरासाठी त्यांच्याकडे सुमारे दोनशे वस्तूंची मागणी नोंदवली. १९८१ साली त्यांचे 'द सोल ऑफ अ ट्री' हे पुस्तक आले. छावण्यांबद्दल अमेरिकी सरकारने कायदा करून माफी मागितली ती १९८८ साली, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले. नाकाशिमा १९९० साली वारले. मिनिडोकात गेली तेव्हा काही आठवड्यांची असलेली मीरा पुढे त्यांची कार्यशाळा चालवू लागली.

नाकाशिमांच्या टेबलांची चित्रे आम्ही प्रथम पाहिली ती आमच्याच ग्रंथालयात, त्याच चिरलेल्या टेबलावर बसून. त्यानंतर आम्ही मिस्त्रींचे घर शोधत गेलो. ते आले, पण लगेच नाही. चौकटीतली गोल भोके कानसून त्यांनी आडवी लांबट केली, म्हणजे स्क्रू फळीबरोबर सरकू शकेल; फक्त मधली रांग पक्की ठेवली. चिरेवर शिसवीच्या तीन डमरूपट्ट्या बसवल्या. पुस्तकातली चित्रे त्यांनी निवांत पाहिली आणि विचारले, "ह्यांचे पैसे नाही कुणी अडवले?" अडवलेली रक्कम सोडवायला आम्हाला दुसरे टिपण लिहावे लागले, आणि पहिले टिपण का चुकले याचा खुलासा तीनदा करावा लागला.

टेबलाच्या रुंदीला आम्ही एक स्टीलची मोजपट्टी एका टोकाला पक्की करून लावली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ग्रंथपाल बाई माप वहीत उतरवतात. गेल्या ऑगस्टात ते ९१.६ सेंटिमीटर होते, एप्रिलात ९०.५.